तयारीच्या खोलीतली तोटी

दर वर्षी जून आला की नेस्टा प्यू आपलं टेबल रिकामं करायची. चहाचा मग, दोन कुंड्या, ड्रॉवरमधली बिस्किटं, थंडीसाठी खुर्चीवर टाकलेली शाल, सगळं एका खोक्यात जायचं. कारण नोकरी सप्टेंबर ते जून. सप्टेंबरात पुन्हा पत्र यायचं, पुन्हा तेच खोकं, तेच टेबल. चौदा वर्षं हेच. सुरुवातीला ऑफिसातल्या बायका हळहळायच्या. पुढे त्यांनाही सवय झाली. "काय गं नेस्टा, खोकं निघालं का?" असं कुणी विचारलं की समजायचं, उन्हाळा लागला.

अठराव्या वर्षी ती युनिव्हर्सिटीच्या तळघरात काचेची भांडी धुवायला लागली होती. मग जिवाणू वाढवायच्या प्लेटी ओतायला शिकली. जिवाणूंचा स्वयंपाकच तो. पुढे संसार सांभाळून, टपालाने अभ्यास करून तिने पदवी घेतली. हळूहळू असं झालं की काही अडलं तर मुलं प्रोफेसरांच्या दाराशी न जाता तयारीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. ती खोली म्हणजे लॅबच्या मागची बिनखिडकीची जागा. एका बाजूला फ्रीज, दुसऱ्या बाजूला निर्जंतुक करायचा मोठा कुकर, आणि मधे नेस्टा.

"डीएनए दिसत नाहीये," मूल रडवेलं होऊन सांगायचं.

"दिसेल कसा? सिंकमध्ये ओतलास. मी बघितलं तुला. आता डोळे पूस आणि पुन्हा कर. आणि या वेळी जे फेकायचं ते फेक, जे ठेवायचं ते ठेव."

शेवटी युनिव्हर्सिटीने तिला शिकवायलाच लावलं. पण वर्षाच्या कराराने.

विभागप्रमुख बर्विन तिच्याहून पाच वर्षांनी लहान. चॅपलच्या गायकांत वरच्या पट्टीत गाणारा, उंच, हसरा, सगळ्यांचा मित्र. वेल्सच्या या किनाऱ्यावरच्या गावात बरोबरीचे सगळेच एकमेकांना तू म्हणत, त्यामुळे साहेब कोण आणि चाकर कोण हे तोंडावरून कळत नसे. जून महिन्यातच ते कळायचं.

अकरा वर्षांपूर्वी विभागात स्टेपलरएवढं एक यंत्र आलं. जिवाणूचा सबंध जीनोम वाचणारं. जीनोम म्हणजे साठ लाख अक्षरांची पोथी. यंत्र ती तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि ते तुकडे कॉम्प्युटरवर जुळवत बसावं लागतं. जिवाणू एकाचे दोन होताना त्या पोथीची नक्कल होते. नकलेत क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि चुकलेलं अक्षर पुढच्या सगळ्या नकलांत तसंच उतरतं. कोण कोणाचं जवळचं, कोण लांबचं, हे त्या चुकांवरून कळतं. हे काम तेव्हा संशोधन करणाऱ्या मोठ्या मुलांचं समजत. नेस्टा म्हणाली, "दुसऱ्या वर्षाच्या पोरांना देऊया की. आपापल्या घरातलं सिंक पुसून आणतील. स्वतःच्या घरची घाण म्हटली की कुणीही मन लावून वाचतं."

बर्विनला कल्पना फार आवडली. इतकी की आठवड्याभरात ती त्याचीच झाली.

तेव्हापासून दर जानेवारीत बारा मुलं बारा घरांतून ओल्या कापसाच्या काडीने सिंकची जाळी पुसून आणत. नमुन्यावर मुलाचं नाव लिहायचं नाही, घराचा पत्ता लिहायचा, ही रीत नेस्टाने घालून दिलेली. प्लेटीवर जे उगवेल त्यातला एकच छानसा ठिपका उचलायचा, वाढवायचा, त्याचा डीएनए काढायचा, जीनोम वाचायचा. लॅबबाहेरच्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा होता. ज्या घरातून जे सापडेल त्या रंगाची टाचणी त्या घरावर टोचायची. पहिल्याच वर्षी चार घरांतून एकच जिवाणू निघाला. प्लेटीवर साईच्या रंगाचा, अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरला तर हिरवट चमकणारा. पुढच्या वर्षी तो पाच घरांत निघाला. मुलांनी त्याचं नाव ठेवलं बंदरवाली. नकाशावर तिच्या टाचण्या लाल. अकरा वर्षांत त्या सत्तेचाळीस झाल्या. बर्विनने लेख लिहिला, की गावाच्या जुन्या पाइपांतून बंदरवाली घरोघर फिरते आहे. रेडिओवाले आले. एका वर्षी तर बेकरीवाल्याने तिच्या आकाराची बिस्किटं केली होती.

आणि आता, नेस्टाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, युनिव्हर्सिटीने एक कायमची जागा काढली. शिकवण्याची. जाहिरात वाचून बर्विन तिच्या खोलीत आला आणि दाराला टेकून म्हणाला, "फक्त तुझा फोटो छापायचा राहिलाय बघ त्यात. गुरुवारी मुलाखत. एक काम कर, अकरा वर्षांच्या सगळ्या बंदरवाल्या एका चित्रात आण. एकच मोठा वंशवृक्ष. समितीच्या डोळ्यांपुढे झाड उभं राहिलं पाहिजे."

"आजवर कुणी केलं नाही ते?"

"दर वर्षी मागच्या वर्षाशी ताडून बघतो आपण. सगळं एकत्र करायला वेळ कुणाला होता? तू कर. तुझा हात चांगला आहे."

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी दुपारी जेवणाची भांडी आवरून नेस्टा त्याच टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसली. नवरा, गेथिन, पलीकडे रग्बी बघत होता. तो शाळेची बस चालवायचा, आणि रविवारी कुणी त्याला कुठे ने म्हटलं तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा. पुढच्या खोलीत त्याची आई. नऊ वर्षांपूर्वी ऑलवेनबाईंची डावी बाजू गेली आणि पुढची बैठकीची खोली त्यांची झाली. त्याच महिन्यात नेस्टाला कार्डिफच्या एका मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं होतं. तिने ते पत्र कुणाला दाखवलं नाही. दाखवून काय होणार होतं? गेथिन म्हणाला असता, "तूच ठरव," आणि मग ती न जाणं हा तिचाच निर्णय झाला असता. तो तसाही तिचाच झाला.

पुढच्या खोलीतली पितळी घंटा वाजली.

"आले, मॅम." वेल्समध्ये आईला मॅम म्हणतात, नेस्टा सासूलाही तेच म्हणायची.

"चहा आण बाई. घरचा. सकाळी चॅपलमधून आणलेला पिववला नाही मला. तुझे जंतू पाच मिनिटं थांबतील ना?"

"थांबतील. अकरा वर्षं थांबलेत."

चहा देऊन ती परत आली तेव्हा कॉम्प्युटरने चित्र काढून ठेवलं होतं. नेस्टा खुर्चीत बसली आणि बसूनच राहिली.

ते झाड नव्हतं.

बंदरवाली जर खरंच घरोघर फिरत असती, तर प्रत्येक घरात तिच्या पोथीत वेगळ्या चुका साठल्या असत्या. फांद्या फुटल्या असत्या, दहा दिशांना. इथे फांदी नव्हती. एक सरळ शिडी होती. पहिल्या वर्षाच्या चारही जणी एका पायरीवर. दुसऱ्या वर्षाच्या पाच जणी त्याच्या वरच्या पायरीवर, चार अक्षरं पुढे. तिसऱ्या वर्षाच्या त्याच्या वर. एकाच वर्षी गावाच्या दोन टोकांच्या घरांतून आलेल्या दोघी अक्षर न् अक्षर सारख्या. ज्यांनी एकमेकींची तोंडं बघायचं कारण नाही, त्या जुळ्या बहिणी.

हे सत्तेचाळीस घरांत राहणारं कुणी नव्हतं. हे एकाच घरात राहणारं होतं. आणि त्या घरातून दर जानेवारीत ते मुलांच्या हाती पडत होतं.

"दुसरा चमचा साखर टाकलीस का?" आतून हाक आली.

"टाकली, मॅम."

"मग हलवली नसशील. आणि त्या चॅपलच्या नव्या बायकांना कुणी सांगेल का की चहाच्या भांड्याची तोटी उघडून धुवायची असते म्हणून? भांडं घासतात चकचकीत, आणि तोटी तशीच. तीस वर्षं ते भांडं माझ्याकडे होतं. दर शनिवारी मळसूत्र फिरवून तोटी काढायची, आत बोट घालायचं. बुळबुळ लागली की समजायचं. भांडं उकळतं गं, तोटी कुठे उकळते?"

नेस्टा दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं? भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

"काही नाही, मॅम. हलवून देते."

तयारीच्या खोलीत, फळीवर, प्लॅस्टिकचा वीस लिटरचा कॅन होता. खाली तोटी असलेला. कापसाची काडी कोरडी फिरवली तर काही चिकटत नाही, ती ओली करावी लागते. त्यासाठी नेस्टा सोमवारी पाणी कुकरमध्ये निर्जंतुक करायची आणि निवलं की त्या कॅनमध्ये ओतायची, कारण जड बाटल्यांतून ओतताना मुलं निम्मं पाणी सांडत. कॅनच्या तोटीतून प्रत्येकाने आपली छोटी नळी भरून घ्यायची. कॅन ती दर आठवड्याला घासायची. तोटी अकरा वर्षांत एकदाही काढली नव्हती.

आणि हे आजवर कुणाला का कळलं नाही, तेही तिलाच ठाऊक होतं. यंत्रात एका वेळी बारा नमुने बसत. पहिल्या वर्षी मुलं अकरा होती. बारावी जागा कोऱ्या नमुन्याची. नुसती पाण्यात बुडवलेली काडी, कुठेही न फिरवलेली. तिच्यातून काही उगवलं तर समजायचं, घाण आपल्याच घरची आहे. पण दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा दुसरा विषय सोडून आला, हुंदके देत म्हणाला, मला घ्या. नेस्टाला दया आली. तिने कोऱ्या नमुन्याची जागा त्याला दिली. पुढच्या वर्षी ऑफिसने परस्पर बारा मुलांची यादी लावली, आणि मग ते तसंच चालू राहिलं. दया तिची होती, म्हणून दुसऱ्या कुणाला बोल लावायलाही जागा नव्हती.

सोमवारी तिने तोटीतलं पाणी एका प्लेटीवर टाकलं. बुधवारी प्लेट उघडून बघितली. साईच्या रंगाचे ठिपके, गच्च. तिने दिवा मालवला आणि जांभळा दिवा लावला. सगळी प्लेट हिरवट चमकली.

गुरुवारी अकरा वाजता मुलाखत.

सांगावं तर बर्विनचा लेख गेला. लेख गेला की कोर्स गेला, कारण नकाशासाठीच तर वरचे लोक त्याला हात लावत नव्हते. कोर्स गेला की जागा कशाची? आणि सांगायचं कुणी, तर जिने कॅन भरला तिने. न सांगावं तर... तो विचार तिने पुरा केला नाही. पान्याने तोटी काढली, पिशवीत घातली, पिशवीवर आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहिली आणि मोठ्या फ्रीजरच्या तळाशी ठेवली. का ठेवली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. कॅन भंगारात दिला. नवा मागवला, आणि नव्याची तोटी दर सोमवारी काढून कुकरमध्ये टाकायची असं ठरवलं.

मुलाखतीत ती एकही वाक्य खोटं बोलली नाही. मुलं काय शिकतात ते सांगितलं, भिंतीवरच्या नकाशाबद्दल विचारलं तेव्हा नकाशाबद्दल सांगितलं. वंशवृक्ष वेळेत झाला नाही म्हणाली. ते खरंच होतं, झाड झालंच नव्हतं. हे सगळं इतकं सोपं गेलं की तिलाच नवल वाटलं.

सोमवारी पत्र आलं. कायमची.

गेथिनने समुद्रावर नेऊन मासे आणि चिप्स खाऊ घातले, वाऱ्यात, गाडीच्या काचा वर करून. "आता सुटलीस," तो म्हणाला. घरी सासूबाईंनी चांगल्या हाताने तिचा गाल थोपटला. "बरं झालं. निवृत्त होईपर्यंत कुठे जाणं नको, येणं नको. आता त्या खोक्याचं काय करणार?"

"तुमचे डायपर ठेवू, मॅम."

"ठेव. भक्कम आहे."

त्या रात्री खोकं पुढच्या खोलीत गेलं.

त्या वर्षीची मुलं आली. बारा. त्यांत एलान नावाची एक होती. खोऱ्यातल्या डेअरीवाल्याची पोर, लाल हातांची, मोठ्या आवाजाची. सकाळच्या धारा काढून कॉलेजला यायची, आणि पहिल्या तासाला तिच्या जॅकेटला गोठ्याचा वास यायचा. बाकीच्या मुली थोड्या सरकून बसत. एलानला त्याचं काही नव्हतं. तिने पहिल्याच आठवड्यात कॅनच्या तोटीपाशी नाक नेलं.

"काय हुंगतेस?" नेस्टाने विचारलं.

"सवय आहे हो. आमच्याकडे दुधाची गाडी येते ना, त्याआधी मी सगळ्या तोट्या हुंगते. दुधात जंतू जास्त निघाले की कंपनी दूध उचलत नाही. बाबा म्हणतात, गाय क्वचित घाण असते, तोटी नेहमी." ती हसली. "ही स्वच्छ आहे. नवीन आहे वाटतं?"

"हो," नेस्टा म्हणाली. "चला, काड्या घ्या."

सातव्या आठवड्यात जीनोमचे तुकडे जुळवून झाले. बारा घरांतून नऊ प्रकारचे जिवाणू निघाले. बंदरवाली एकही नाही. मुलांची तोंडं उतरली. लाल टाचण्यांची डबी तशीच राहिली. बातमी कळताच बर्विन स्वतः लॅबमध्ये आला. नेस्टाला वाटलं होतं, तो हिरमुसेल, विषय आपोआप मिटेल. एक दोन वर्षांत नकाशा उतरवता येईल. पण बर्विनचा चेहरा उजळला होता.

"कळतंय का तुम्हाला काय झालंय?" तो मुलांना म्हणाला. "अकरा वर्षं गावात राहिलेली एक जात एका हिवाळ्यात नाहीशी झाली. आपल्या डोळ्यांदेखत! का? नवे पाइप? साबण? थंडी? हे कुणी बघितलंय आजवर? नेस्टा, हा लेख तू लिहायचास. पहिलं नाव तुझं. आता कायमची आहेस तू, पळून जाता येणार नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एलानने हात वर केला. "मला एक विचारायचं होतं. बाहेर जुने फोटो लावलेत ना, त्यात दर वर्षी एकच पिवळट कॅन दिसतो. या वर्षी कॅन नवा आहे. आणि याच वर्षी ती गेली. तर... ती त्या कॅनमध्ये असेल का?"

कुणीतरी फिसकन हसलं. बर्विनही हसला, पण मायेने. "अगं, सगळं जग म्हणजे दुधाची तोटी नसते. सत्तेचाळीस घरं आहेत, बाळ."

"तसं नाही हो. पण नुसत्या पाण्याचा कोरा नमुना कधी लावला होता का? पुस्तकात दिलंय, लावावा म्हणून."

सगळे नेस्टाकडे बघायला लागले. बर्विनसुद्धा, निर्धास्तपणे, जसं माणूस आपल्या घराच्या भिंतीकडे बघतो.

"पाणी दर सोमवारी कुकरमध्ये निर्जंतुक होतं," नेस्टा म्हणाली. "जुना कॅन तडकला, म्हणून नवा आणला. कॅनमध्ये काही नव्हतं."

"सॉरी," एलान म्हणाली. तिचे कान तिच्या हातांसारखेच लाल झाले. "उगीच बोलले."

त्या पंधरवड्यात नेस्टा घरात कुणाशी फारसं बोलली नाही. गेथिनने एकदा विचारलं, "काय झालंय?" ती म्हणाली, "लेख लिहायचाय." त्याने मान डोलावली आणि चॅनेल बदललं. सासूबाईंची घंटा वाजली की ती उठायची, परत यायची, कॉम्प्युटरवर 'नाहीशी होण्याची संभाव्य कारणं' हा मथळा तसाच असायचा. कारण एकच होतं आणि ते फ्रीजरच्या तळाशी होतं. तिच्या लक्षात आलं, की आता ती नोकरी सोडूनही जाऊ शकत नाही. ती गेली आणि कुणी फ्रीजर आवरला तर? तोटी फेकून देता आली असती. रोज सकाळी ती तेच ठरवून जायची. पण अकरा वर्षं त्या अंगठ्याएवढ्या नळीत कुणीतरी जगलं होतं, समोरून पाणी वाहत होतं, दर जानेवारीत दार उघडत होतं, आणि मूळ तिथून हललं नव्हतं. तिला ते फेकवत नव्हतं.

मार्चमध्ये मुलांचे अहवाल आले. शनिवारी सकाळी ती ते तपासायला बसली. एलानचा अहवाल चांगला होता. आकडे स्वच्छ, वाक्यं ओबडधोबड. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं:

'अकराही वर्षांचे बंदरवालीचे जीनोम मी एकत्र लावून बघितले. त्यांची शिडीसारखी ओळ दिसते. मला आधी वाटलं की हे एकाच जागेतलं, लॅबमधलं असेल. पण नेस्टाबाईंनी सांगितलं की कॅनमध्ये काही नव्हतं, आणि त्यांच्याइतकं ते कुणाला माहीत? म्हणून तो भाग काढून टाकला आहे. चित्र वाचण्यात माझीच चूक झाली असावी. मला अजून जीनोम नीट वाचता येत नाही.'

नेस्टाने ते दोनदा वाचलं. मग पेन खाली ठेवलं.

तेहतीस वर्षांत तिने शेकडो मुलांना बघायला शिकवलं होतं. बरोबर बघितलेलं चूक समजायला तिने आजवर कुणाला शिकवलं नव्हतं.

पुढच्या खोलीत घंटा वाजली. ती गेली. उशी सरळ केली, मग खोक्यातले डायपरचे गठ्ठे काढून कपाटात लावायला लागली.

"हे काय आता?" सासूबाईंनी विचारलं.

"खोकं लागणार आहे मला."

"मार्च आहे, जून नाही."

"माहीत आहे."

ऑलवेनबाईंनी मान तिच्याकडे वळवली. "काय केलंस तू?"

"तोटी धुतली नव्हती, मॅम. आणि मग धुतली, ते सांगितलं नाही."

"हात्तिच्या! मग जा, सांग. मी काय पडलेलीच आहे, मला कुठे जायचंय?" मग भिंतीकडे तोंड करून, "गेथिनला मी बघते. आधी चहा कर."

सोमवारी नेस्टा लवकर गेली. बर्विनच्या खोलीवरून जाताना दिवा दिसला, गुणगुणणं ऐकू आलं. ती थांबली. आत गेली तर तो काय म्हणणार हे तिला पाठ होतं. बस जरा. चहा घे. आपण हे शांतपणे निस्तरू, तू नि मी. आणि ती बसली असती, चहा घेतला असता. चौदा वर्षं तिने तेच केलं होतं. ती पुढे चालू लागली.

दहा वाजता मुलं जमली. अहवाल परत मिळतील म्हणून कुजबुज चालली होती. नेस्टाने लॅबचं दार सताड उघडं ठेवलं, आणि दाराखाली पाचर मारली. मग टेबलावर एक पिशवी ठेवली. आतलं बर्फ नुकतंच वितळू लागलं होतं.

"एलान, पुढे ये. हातमोजे घाल. हे काय आहे?"

"तोटी आहे." एलानने पिशवीवरची तारीख वाचली. "जुन्या कॅनची?"

"जुन्या कॅनची. कॅन तडकला नव्हता. मी खोटं बोलले होते, तुमच्या सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. हिच्यातलं पाणी मी जानेवारीत प्लेटीवर टाकून बघितलं होतं. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आपलं आपण बघा. तुझी शिडी बरोबर होती, एलान. जे पान काढून टाकलंस ते परत घाल."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे नकाशा...?"

"नकाशा या खोलीचा आहे. गावाचा नाही."

एलानने पाना घेतला, सराईत हाताने तोटी खोलली, आतलं रबरी चक्र बोटावर घेऊन उजेडात धरलं. त्यावर पातळ, बुळबुळीत साय होती.

"ई! आमच्याकडे असतं तर सगळं दूध गटारात ओतलं असतं," ती बोलून गेली, आणि मग घाबरून नेस्टाकडे बघितलं.

"ओतायचंच आहे," नेस्टा म्हणाली. "काडी घे. ओली कर, नव्या बाटलीतल्या पाण्यात. आणि दुसरी एक काडी नुसती पाण्यात बुडव, कोरी. दोन्ही लागतील."

कॉरिडॉरच्या टोकाला दार वाजलं. गुणगुणत येणारी पावलं, वरच्या पट्टीतलं गाणं, चॅपलमधलं. नेस्टाला ती ओळखायला मान वळवावी लागली नाही. ती एलानच्या हाताकडे बघत राहिली. काडी चक्राच्या कडेने नीट, सावकाश फिरत होती, तिने शिकवली होती तशी.

एलानने काडी नळीत घातली, टोपण लावलं, पेन उचललं आणि थबकली.

"बाई, पत्ता काय लिहू?"

"तयारीची खोली," नेस्टा म्हणाली. "आणि वर्षं सगळी लिही. अकरा."

पावलं उघड्या दाराशी येऊन थांबली.